लाइट गेली, लगेच आली, आणि कंप्रेसर अडकला

तुमचा प्रश्न मला असा समजला. भुसावळजवळच्या गावात तुमच्याकडे दीड टनाचा, नॉन-इन्व्हर्टर, म्हणजे कंप्रेसर एकाच वेगाने चालणारा, स्प्लिट एसी आहे आणि त्याला चार उन्हाळे झाले आहेत. मे महिन्यात दुपारी लाइट चार-पाच वेळा जाते, कधी तासभर, पण बहुतेक वेळा काही सेकंदच. ती परत आली की आउटडोअरचा पंखा फिरतो, कंप्रेसर मात्र नुसता गुणगुणतो, दहा-पंधरा सेकंदांत ‘टक्’ असा आवाज येतो आणि त्यानंतर अर्धा तास गार हवा येत नाही. मेकॅनिक म्हणतो कंप्रेसर बदला, दुकानदार म्हणतो स्टॅबिलायझर घ्या, शेजारी म्हणतात ऑटो-रिस्टार्ट (लाइट आल्यावर एसी आपोआप सुरू होण्याची सोय) बंद करा. आणि यांतले नेमके काय करावे हे तुम्हाला ठरवता येत नाही.

मी गेली सव्वीस वर्षे जळगाव आणि आसपासच्या तालुक्यांत एसी दुरुस्तीचे काम करतो. तुम्ही सांगितलेली लक्षणे मी दर उन्हाळ्यात पाहतो, म्हणून उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागून देतो. तुमचा कंप्रेसर बहुधा अजून जिवंत आहे. त्याला मारणारी गोष्ट कमी व्होल्टेज ही एकटी नाही. थांबल्यावर पुरेशी विश्रांती न घेता पुन्हा सुरू होण्याची सक्ती ही खरी मारक आहे. त्यामुळे तुम्हाला मुख्यतः सक्तीची तीन ते चार मिनिटांची प्रतीक्षा हवी आहे. ती प्रतीक्षा स्टॅबिलायझरमधून मिळाली तरी चालेल, वेगळ्या टायमरमधून मिळाली तरी चालेल, पण प्रत्येक वेळी, अगदी अर्ध्या सेकंदाच्या झटक्यानंतरही, ती मिळाली पाहिजे. हा शेवटचा भागच बहुतेक ठिकाणी सुटतो.

प्रथम ही तीन मिनिटे कशासाठी, ते पाहू. एसी चालू असतो तेव्हा कंप्रेसरच्या एका बाजूला कमी दाब असतो आणि दुसऱ्या बाजूला खूप जास्त. तुमच्या एसीत आर-३२ गॅस असेल, तर भर दुपारच्या ४४ अंशांच्या उन्हात माझ्या गेजवर आत येणाऱ्या बाजूला सव्वाशे ते दीडशे पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) आणि बाहेर टाकणाऱ्या बाजूला पाचशेच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त दाब दिसतो. कंप्रेसर चालू असेपर्यंत हा फरक तो स्वतःच सांभाळतो, कारण फिरणाऱ्या मोटारीला वेग असतो. वीज गेली की तो थांबतो, आणि दोन्ही बाजूंमधला दाब कॅपिलरी नावाच्या केसासारख्या बारीक तांब्याच्या नळीतून हळूहळू सारखा होऊ लागतो. नळी बारीक असल्यामुळे याला साधारण दोन ते तीन मिनिटे लागतात. दाब सारखा झाल्यावर कंप्रेसर सुरू केला तर तो हलका उठतो. त्याआधी सुरू केला तर पाचशे पीएसआयचे ओझे पाठीवर घेऊन त्याला शून्यातून उठायचे असते.

घरगुती एसीच्या कंप्रेसरची सिंगल फेज मोटर या कामासाठी बनवलेलीच नसते. तिला एक मुख्य वायंडिंग आणि एक सुरुवातीचे वायंडिंग असते, आणि त्या दुसऱ्या वायंडिंगला कायम जोडलेला एक कॅपॅसिटर असतो. चालू असताना ही रचना काटकसरीची आणि टिकाऊ आहे, पण उठतानाचा तिचा जोर कमी असतो. दाब सारखा असेल या गृहीतावरच ती निवडलेली असते. त्यात व्होल्टेज कमी असेल तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण मोटारीचा उठण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज सुमारे बावीस टक्क्यांनी कमी झालेले दिसते, पण जोर जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी होतो. १६० व्होल्टला तो निम्म्याहूनही कमी राहतो.

तुम्ही ऐकता तो गुणगुणण्याचा आवाज म्हणजे अडकलेली मोटर. दीड टनाचा एसी चालू असताना सात-आठ अँपिअर घेतो; मोटर अडकली की तीच मोटर पस्तीस-चाळीस अँपिअरपर्यंत ओढते. कंप्रेसरच्या पाटीवर एलआरए या अक्षरांपुढे जो आकडा असतो तो हाच. करंट पाचपट झाला की वायंडिंगमधली उष्णता पंचवीसपट होते, आणि त्या वेळी गॅस वाहत नसल्याने ती उष्णता बाहेर नेणारेही काही नसते. दहा-पंधरा सेकंदांनी ‘टक्’ आवाज येतो तो कंप्रेसरच्या डोक्यावर बसवलेल्या ओएलपीचा, म्हणजे ओव्हरलोड प्रोटेक्टरचा. ही द्विधातूची छोटी चकती करंट आणि कवचाची उष्णता या दोन्हींमुळे तापून वाकते आणि सर्किट तोडते. म्हणजे त्या क्षणी ओएलपीने तुमचा कंप्रेसर वाचवलेला असतो. मग अर्धा तास गार हवा का येत नाही, तर रोटरी कंप्रेसरचे संपूर्ण कवच गरम वायूने भरलेले असते आणि ते निवेपर्यंत चकती परत बसत नाही. उन्हात असलेल्या आउटडोअरला कधी पाऊण तासही लागतो.

ओएलपी आहे, मग काळजी कशाला, असे काही जण विचारतात. ओएलपी हा शेवटचा पहारेकरी आहे, रोजचा नव्हे. प्रत्येक वेळी तो उडेपर्यंतच्या सेकंदांत वायंडिंगच्या तारेवरचे इनॅमल थोडे भाजले जाते, तेल थोडे काळवंडते आणि चकतीचे कॉन्टॅक्ट थोडे झिजतात. दिवसाला चार वेळा, साठ दिवस, म्हणजे एका उन्हाळ्यात अडीचशेच्या आसपास वेळा हे झाले, तर एके दिवशी चकतीचे कॉन्टॅक्ट चिकटतात किंवा इनॅमल फुटते, आणि मग खरोखरच कंप्रेसर जळतो. जळालेल्या कंप्रेसरमधले आम्लयुक्त तेल पाइपमध्ये पसरते, आणि सिस्टीम नीट धुतल्याशिवाय नवा कंप्रेसर बसवला तर तोही फार काळ टिकत नाही.

आता तुमच्या मनात येणारा पुढचा प्रश्न. एसीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते की त्यात तीन मिनिटांचे संरक्षण आहे, मग हे घडतेच कसे? ते संरक्षण बहुतेक स्प्लिट एसींत खरोखर असते. इनडोअरच्या पीसीबीमधला, म्हणजे एसी चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डमधला, प्रोग्राम कंप्रेसर बंद केल्यापासून तीन मिनिटे मोजतो आणि तोपर्यंत रिले, म्हणजे कंप्रेसरला वीज देणारा स्विच, चालू करत नाही. रिमोटने एसी बंद करून लगेच चालू केल्यास ते काम चोख करते. परंतु लाइट जाण्याच्या बाबतीत त्याला दोन भोके आहेत, आणि ती मॉडेलनुसार बदलतात.

पहिले भोक असे की काही पीसीबींना वीज गेल्यावर मागचे काहीच आठवत नाही. वीज येताच त्या नव्याने जाग्या होतात, ऑटो-रिस्टार्टमुळे आधीची कूलिंगची आज्ञा पाळतात, आणि कंप्रेसर नुकताच थांबला होता हे त्यांना ठाऊक नसल्याने रिले लगेच बसवतात. चांगल्या पीसीबी वीज आल्यावरही पुन्हा तीन मिनिटे मोजतात. तुमची कोणत्या प्रकारची आहे हे तुम्ही स्वतः तपासू शकता. एसी किमान पंधरा मिनिटे पूर्ण बंद ठेवा, एमसीबीही खाली करा. मग एमसीबी वर करा, रिमोटने लगेच कूलिंगवर सर्वांत कमी तापमान लावा आणि घड्याळ पाहा. कंप्रेसर तीन मिनिटांनी उठला तर पीसीबी वीज आल्यापासून मोजते. दहा-वीस सेकंदांत उठला तर मोजत नाही. या चाचणीत दाब आधीच सारखा असल्याने कंप्रेसरला इजा होत नाही. एसी चालू असताना एमसीबी खाली-वर करून ही चाचणी कृपया घेऊ नका. ज्या इजेपासून आपण त्याला वाचवत आहोत तीच तुम्ही स्वतःच्या हाताने कराल.

दुसरे भोक अधिक फसवे आहे, आणि माझ्या अंदाजाने तुमच्या घरी तेच आहे. लाइट पाव-अर्धा सेकंद डोळा मारते, बल्ब लवतो, पण पूर्ण विझत नाही. एवढ्या अवधीत पीसीबीवरच्या कॅपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर पीसीबी जागी राहते. तिच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते, म्हणून ती तीन मिनिटे मोजत नाही. कंप्रेसरचे मात्र तसे नसते. व्होल्टेज निम्म्याच्या आसपास आले की पाचशे पीएसआयच्या ओझ्याखालचा रोटर सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात थांबू शकतो. व्होल्टेज परत आल्यावर पंखा पूर्ववत फिरत राहतो आणि कंप्रेसर अडकलेल्या अवस्थेत गुणगुणू लागतो. म्हणूनच तासाभराच्या भारनियमनानंतर एसी निमूट सुरू होतो आणि अर्ध्या सेकंदाच्या झटक्यानंतर अडकतो. अनेक ग्राहक मला सांगतात की लाइट गेलीच नव्हती, एसी आपोआप बंद पडला. मी त्यांना भिंतीवरच्या डिजिटल घड्याळाकडे किंवा वायफाय राउटरकडे पाहायला सांगतो. तो मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू झाला असेल तर झटका येऊन गेलेला असतो.

असे झटके आपल्याकडे इतके का येतात, हेही माहीत असलेले बरे. वळवाच्या पावसात फांदी तारेला लागली की फीडर (गावाला वीज देणारी लाइन) ट्रिप होतो आणि दोष गेला का हे पाहण्यासाठी तो पुन्हा चालू करून पाहिला जातो. दोष असेल तर तो पुन्हा ट्रिप होतो. म्हणजे वीज पाच मिनिटांत तीनदा येते आणि तीनदा जाते. याशिवाय डीपीवरच्या एखाद्या सैल फ्यूजमुळे, शेजारच्या गिरणीची मोठी मोटर उठल्यामुळे किंवा तुमच्याच मीटरपेटीतल्या सैल जोडामुळे झटके बसतात. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत जनरेटर असतो, तिथे लोकांना वाटते की आपण सुरक्षित आहोत. पण तिथेही जनरेटरवरून पुन्हा मुख्य विजेवर येताना चेंजओव्हर स्विच क्षणभर वीज तोडतो, आणि ती तूट अगदी अडकवणाऱ्या लांबीची असते. चेंजओव्हर हाताने करत असाल तर आधी रिमोटने एसी बंद करावा, मग चेंजओव्हर करावा.

स्टॅबिलायझरविषयी माझे मत सांगतो. दीड टनासाठी ४ केव्हीएचा, डिले (वीज आल्यावरची सक्तीची प्रतीक्षा) असलेला आणि हाय-लो कटऑफ (व्होल्टेज फार वाढले किंवा घटले की वीज तोडण्याची सोय) असलेला स्टॅबिलायझर तुमच्या भागात उपयोगी आहे, यात शंका नाही. पण तो विकत घेताना त्याच्या डब्यावरचे व्होल्टेजचे आकडे लोक पाहतात आणि डिलेचे कलम वाचत नाहीत. व्होल्टेज १७० ते २५० च्या मध्ये राहत असेल तर स्टॅबिलायझरचा खरा लाभ व्होल्टेज सुधारण्यापेक्षा त्या तीन मिनिटांत आहे. काही स्टॅबिलायझरांत डिले काही सेकंद आणि तीन मिनिटे यांपैकी एक निवडायचे बटण असते. ते सेकंदांवर राहून गेल्याचे मी अनेक घरी पाहिले आहे, कारण बसवणाऱ्याला लवकर चालू करून दाखवायचे असते. शिवाय स्टॅबिलायझरलाही स्वतःची पीसीबी असते आणि वर सांगितलेले दुसरे भोक तिच्यातही असू शकते. घेण्यापूर्वी दुकानात एकच गोष्ट करायला सांगा. त्याच्या आउटपुटला बल्ब लावा, तीन मिनिटे थांबून तो लागू द्या आणि मग इनपुटचा स्विच झटकन बंद-चालू करा. बल्ब लगेच पुन्हा लागला तर तो स्टॅबिलायझर तुमच्या कामाचा नाही. तीन मिनिटांनी लागला तर घ्या.

माझ्या मते झटक्यांवर सर्वांत खात्रीचा उपाय जुना आणि साधा आहे, आणि तो शेती करणाऱ्या माणसाला सहज समजेल. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये कॉइल असते. वीज गेली की कॉइल सुटते आणि वीज आली तरी कोणी हिरवे बटण दाबेपर्यंत मोटर उठत नाही. तेच तत्त्व एसीला लावता येते. एसीच्या लाइनवर ३२ अँपिअरचा एक कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलने चालणारा स्विच, बसवायचा, त्याची कॉइल त्याच्याच होल्डिंग कॉन्टॅक्टमधून जिवंत ठेवायची, आणि हिरव्या बटणाच्या जागी चार मिनिटांचा ऑन-डिले टायमर लावायचा. टायमरला वीज कॉन्टॅक्टरच्या बंद अवस्थेत जोडलेल्या सहायक कॉन्टॅक्टमधून द्यायची, म्हणजे कॉन्टॅक्टर बसला की टायमर निर्जीव होतो आणि कॉन्टॅक्टर सुटला की टायमर शून्यापासून मोजायला लागतो. कंप्रेसर अडकवण्याइतका खोल झटका आला की कॉन्टॅक्टरची कॉइलही सहसा सुटते, आणि एकदा सुटली की चार मिनिटांशिवाय परत बसत नाही. कोणत्याही पीसीबीच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहावे लागत नाही. हे काम पॅनेलचे काम जाणणाऱ्या परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, डबा मातीची धूळ आणि पाल आत जाणार नाही असा घट्ट झाकणाचा असू द्या, आणि अर्थिंग तपासा. गेल्या काही वर्षांत मी अशा जोडण्या ज्या घरांत करून दिल्या, तिथून अडकलेल्या कंप्रेसरची तक्रार पुन्हा आलेली नाही.

बाजारात दोन तारांचे छोटे डिले टायमरही मिळतात. घेताना ते केव्हापासून मोजतात हे विचारावे. काही वीज आल्यापासून मोजतात, काही बंद झाल्यापासून. थर्मोस्टॅटच्या वारंवार चालू-बंदसाठी दुसरा प्रकार चांगला आहे. लाइटच्या त्रासासाठी पहिला.

आता तुमच्या मेकॅनिकच्या निदानाकडे येतो. कंप्रेसर गेला असे म्हणण्यापूर्वी तीन गोष्टी तपासल्या गेल्या पाहिजेत, आणि त्या तुमच्यासमोर तपासायला सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पहिली गोष्ट कॅपॅसिटर. दीड टनाच्या कंप्रेसरला साधारण ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा असतो आणि त्यावर नेमका आकडा छापलेला असतो. आउटडोअरच्या तापलेल्या डब्यात चार उन्हाळे काढल्यावर तो कमकुवत होणे अगदी स्वाभाविक आहे. मीटरवर छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी भरला तर बदलून टाकावा. काहीशे रुपयांचे काम आहे. वरून फुगलेला नाही म्हणून चांगला आहे असे मानू नये. दुसरी गोष्ट, कंप्रेसर उठतानाचे व्होल्टेज, आणि ते प्लगपाशी नव्हे तर आउटडोअरच्या टर्मिनलवर मोजलेले. उभ्या अवस्थेत २१० दिसणारे व्होल्टेज उठताना १६० पर्यंत बसत असेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा जोडात आहे. दीड टनाला स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असावी, असे माझे मत आहे. अडीचची चालते, पण डीपीपासून लांब असलेल्या घरात ती अपुरी ठरते. तिसरी गोष्ट वायंडिंगचे ओहम आणि अर्थला गळती. तिन्ही टर्मिनलांमधले आकडे काही ओहमांच्या घरात आणि एकमेकांशी जुळणारे, म्हणजे दोन लहान आकड्यांची बेरीज मोठ्या आकड्याइतकी, आले, कवचाला गळती नसली आणि पूर्ण निवल्यावर कंप्रेसर नेहमीच्या अँपिअरवर चालला, तर तो कंप्रेसर चांगला आहे.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, त्यामागे एक जुनी घटना आहे. या धंद्यात नवा असताना मी एका घरी एकाच उन्हाळ्यात दोनदा कंप्रेसर बदलला. दोन्ही वेळा वायंडिंग जळाले होते आणि मी दोन्ही वेळा कंप्रेसरलाच दोष दिला. तिसऱ्यांदा तीच तक्रार आली तेव्हा मी दुपारभर तिथे बसून राहिलो, आणि साडेतीनच्या सुमारास पाहिले की स्वयंपाकघरातला मिक्सर लावला की ट्यूबलाइट लवते. मीटरपेटीतला न्यूट्रलचा स्क्रू काळा पडून सैल झाला होता. भार वाढला की तो क्षणभर सुटत असे आणि एसीला झटका बसत असे. पाच मिनिटांत स्क्रू साफ करून घट्ट केला आणि तो तिसरा कंप्रेसर पुढे कित्येक वर्षे चालला. त्या कुटुंबाने दोन कंप्रेसरांचे पैसे एका स्क्रूपायी घालवले, आणि तो शोधणे माझे काम होते. तेव्हापासून मी टूलबॅग उघडण्याआधी मीटरपेटी उघडायला सांगतो.

काही मेकॅनिक अशा वेळी हार्ड स्टार्ट किट किंवा पीटीसी, म्हणजे मोटारीला उठताना जादा जोर देणारा भाग, लावून देतात. कंप्रेसर उठतो आणि ग्राहक समाधानी होतो. माझा त्याला सरसकट विरोध नाही. लांब वायर आणि कमी व्होल्टेज असलेल्या ठिकाणी ते मदत करते. पण झटक्यांवर तो उपाय नाही. पीटीसी एकदा काम करून तापली की निवायला तिलाही काही मिनिटे लागतात, आणि तापलेली पीटीसी लगेच दुसऱ्यांदा मदत करू शकत नाही. म्हणजे जिथे तिची गरज सर्वांत जास्त असते, त्याच क्षणी ती गैरहजर असते.

शेजाऱ्यांनी सांगितलेले ऑटो-रिस्टार्ट बंद करणे हा चांगला सल्ला आहे, पण अपुरा. घरी कोणी नसताना लाइट वारंवार जात असेल तर एसी आपोआप सुरू न होणेच बरे, आणि बऱ्याच मॉडेलांत ती सोय बंद करता येते. पद्धत पुस्तिकेत दिलेली असते. मात्र अर्ध्या सेकंदाच्या झटक्यात पीसीबी बंदच होत नसल्यामुळे ऑटो-रिस्टार्टचा तिथे संबंध येत नाही. रात्री झोपेत लाइट जाते, तेव्हा लहान मुले किंवा आजारी माणूस घरात असेल तर ती सोय हवीशीही वाटते. हे तुमच्या घरच्या परिस्थितीवर सोडतो.

तुमच्या घरी एकाहून अधिक एसी असतील तर सर्वांचा डिले सारखा ठेवू नका. एकाला तीन मिनिटे, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला पाच असे लावा. लाइट आल्यापासून तिसऱ्या मिनिटाला गल्लीतले सगळे एसी एकदम उठतात आणि डीपीवरचे व्होल्टेज त्याच क्षणी खाली बसते, हे मी मीटरवर अनेकदा पाहिले आहे. तुमचा एसी त्या गर्दीनंतर एक मिनिटाने उठला तर त्याला चांगले व्होल्टेज मिळते. म्हणून एकच एसी असला तरी टायमर चार मिनिटांवर ठेवा, असे मी सुचवतो.

पुढचा एसी इन्व्हर्टर घ्यावा का, हेही तुम्ही शेवटी विचारले आहे. इन्व्हर्टर एसीचा कंप्रेसर हळूहळू वेग घेत उठतो, पाचपट करंटचा झटका तिथे नसतो, आणि दाब जास्त असल्याने तो अडकला तर इलेक्ट्रॉनिक्स ते ओळखून पुरवठा थांबवते. त्या अर्थाने कंप्रेसरला धोका खूप कमी होतो. परंतु तोच धोका आउटडोअरच्या पीसीबीकडे सरकतो. वीज परत येतानाचे वाढीव व्होल्टेज, किंवा न्यूट्रल तुटल्यावर सिंगल फेजच्या तारेवर येणारे चारशेच्या जवळपासचे व्होल्टेज, त्या पीसीबीला क्षणात जाळते, आणि ती स्वस्त नसते. त्यामुळे इन्व्हर्टर घेतला तरी हाय कटऑफ आणि तीन-चार मिनिटांचा डिले ठेवावाच, आणि तो बंद करताना नेहमी आधी रिमोट, मग एमसीबी, असा क्रम पाळावा.

या आठवड्यात तुम्ही काय करावे, ते क्रमाने सांगतो. आजपासून एसी अडकून गुणगुणू लागला तर ओएलपी उडण्याची वाट न पाहता लगेच रिमोटने बंद करा, मग एमसीबी खाली करा आणि पाऊण तास हात लावू नका. मध्ये मध्ये चालू करून पाहिल्याने निवणे लांबते. आउटडोअर थेट उन्हात असेल तर हवा अडणार नाही अशा बेताने वरून सावली करा, आणि कंडेन्सरची जाळी पाण्याने धुवून घ्या, कारण जाळी धुळीने भरली की तो पाचशे पीएसआयचा दाब आणखी वर जातो आणि कंप्रेसर अधिक लवकर अडकतो. मग मीटरपेटी आणि एमसीबीचे जोड वायरमनकडून घट्ट करून घ्या, कॅपॅसिटर मोजून घ्या, आणि वर सांगितलेली घड्याळाची चाचणी करा. त्या चाचणीचा निकाल आणि उठतानाचे टर्मिनलवरचे व्होल्टेज हे दोन आकडे हाती आले की स्टॅबिलायझर पुरेल की कॉन्टॅक्टरची जोडणी करावी लागेल हे ठरवता येईल. उठताना व्होल्टेज १८० च्या खाली बसत नसेल तर मी तुम्हाला फक्त कॉन्टॅक्टर आणि टायमर लावायला सांगेन. त्याखाली बसत असेल तर आधी वायर आणि जोड, मग स्टॅबिलायझर. आणि हे सगळे करूनही पूर्ण निवलेला कंप्रेसर नव्या कॅपॅसिटरवर, चांगल्या व्होल्टेजला, पहिल्याच प्रयत्नात पस्तीस अँपिअर ओढत अडकून राहत असेल, तर मग मात्र तुमच्या मेकॅनिकचे म्हणणे खरे आहे. तसे असल्यास नव्या कंप्रेसरबरोबर नवा कॅपॅसिटर आणि नवा फिल्टर टाकायला सांगा, सिस्टीम नायट्रोजनने धुवून व्हॅक्यूम घ्यायला लावा, आणि टायमर बसल्याशिवाय तो नवा कंप्रेसर एक दिवसही चालवू नका.